एकतीस पोलीस, सव्वीस माणसं

कांता भोईर पोलिसात हवालदार होती, आणि तिच्या पोलीस ठाण्यात तिला सगळे 'दुखवटा मॅडम' म्हणायचे. अर्थात तिच्या माघारी. समोर असली की कांताताई.

हे नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी ठाणे शहरात एका पुढाऱ्याच्या अंत्यदर्शनाला गर्दी हाताबाहेर चालली होती. मागचे पुढच्यांना रेटत होते, पुढचे बॅरिकेडवर चिरडत होते आणि साहेबलोक शिट्ट्या फुंकून दमले होते. कांता तेव्हा साधी शिपाई. ती रांगेच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "चपला काढून पुढे या!" बस. अर्धी गर्दी चपला काढायला वाकली, उरलेली अर्धी चपला ठेवायच्या कुठे या काळजीत जागच्या जागी थबकली, आणि रेटारेटी थांबली. साहेबांनी पाठ थोपटली, वर बक्षिसाची शिफारस केली. बक्षीस काही आलं नाही. पण त्या दिवसापासून कोणी मोठा माणूस गेला की बंदोबस्ताच्या यादीत पहिलं नाव कांताचं लागायला लागलं. अंत्ययात्रा, शोकसभा, पुण्यस्मरण, पुतळ्याला हार, स्मृतिस्तंभाला फुलं. नौपाड्यापासून डोंबिवलीपर्यंत जिथे म्हणून फोटोला चंदनाचा हार चढे, तिथे कांता बाजूला काठी घेऊन उभी.

बारा वर्षांत ती या विषयातली जाणकार झाली होती. कोणत्या चौकात अकरानंतर सावली कुठल्या बाजूला सरकते, कोणत्या मंडळाचा चहा पोलिसांपर्यंत पोचतो आणि कोणाचा वाटेतच संपतो, हे ती डोळे मिटून सांगू शकायची. कॅमेरा आल्यावर कोण रडतं आणि कॅमेरा गेल्यावरही कोण रडत राहतं, तेही तिला कळायचं. दुसऱ्या प्रकारची माणसं फार थोडी असत. कांता त्यांच्याकडे गुपचूप पाण्याची बाटली पाठवायची.

आंबिवलीला घरी तिचा नवरा म्हणायचा, "तुझ्यापेक्षा भटजी बरे. ते निदान दक्षिणा तरी घरी आणतात." कांता हसून सोडून द्यायची. फक्त एकदा तिला हसता आलं नव्हतं. मागच्या वर्षी तिचा सख्खा मामा गेला, ज्याने तिला पोलीस भरतीसाठी पहाटे धावायला शिकवलं तो. त्याच्या दहाव्याला ती जाऊ शकली नाही, कारण त्या दिवशी डोंबिवलीत कोणाची तरी शोकसभा होती. कोणाची, ते तिने तिथल्या फलकावर वाचलं. नंतर भेटायला गेली तेव्हा मामीने तिला पोटभर जेवायला वाढलं आणि नोकरी कशी चाललीय ते विचारलं. तेच तिला जास्त लागलं.

तर अशा या कांताला एका सोमवारी वरिष्ठ निरीक्षक केदारसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यापुढे माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज पडला होता. वळणदार अक्षर, समास सोडलेला, आणि खाली सही, 'बाळ टिपणीस, नौपाडा, ठाणे'.

"वाचा," साहेब म्हणाले.

कांताने वाचलं. अर्जात सात प्रश्न होते. गेल्या तीन वर्षांत अंत्ययात्रा, शोकसभा आणि पुण्यस्मरणांना किती पोलीस पाठवले? किती तास? तो खर्च कोणी सोसला? क्रिकेटचा सामना भरवणाऱ्यांकडून बंदोबस्ताचे पैसे घेतात असं ऐकिवात आहे, मग शोकसभा भरवणाऱ्यांकडून का नाही? असं करत करत अर्ज सातव्या प्रश्नावर येत होता. 'मृत व्यक्तीला पोलीस संरक्षणाची गरज नेमकी कोणापासून असते?'

कांताने ओठ दाबून धरले.

"हसू नका," साहेब म्हणाले. "सहाची उत्तरं मी देईन एक वेळ. या सातव्याला काय लिहू? तुम्ही असं करा, या गृहस्थांना जाऊन भेटा. गोडीने सांगा. तुमच्याइतका या विषयाचा अभ्यास कोणाचा आहे? समजले तर अर्ज मागे घेतील."

टिपणिसांचं घर नौपाड्यात दुसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडलं ते एका पंचाहत्तरीच्या काटक गृहस्थाने. पांढरा लेंगा, कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. कांताने नाव सांगितलं, कशासाठी आलेय ते सांगितलं.

"या, बसा. पण आधी एक सांगा, आत्ता तुम्ही ड्युटीवर आहात की सुट्टीवर?"

"ड्युटीवर."

"म्हणजे करदात्यांच्या पैशांनी पोलीस कुठे जातात असा प्रश्न विचारला, तर त्याचं उत्तर द्यायला करदात्यांच्या पैशांनी पोलीस घरी येतात. उत्तम." त्यांनी खिशातली वही काढून वेळ टिपून ठेवली. "अकरा वाजून सात मिनिटं."

"अहो, तिला बसू तरी द्या," आतून आवाज आला आणि पाठोपाठ त्यांच्या पत्नी उत्तराबाई कोकम सरबत घेऊन आल्या. "तू लक्ष देऊ नकोस गं. कारखान्यात बॉल-बेअरिंगं मोजण्यात तीस वर्षं गेली त्यांची. एका केसाइतका फरक असला तरी आख्खी पेटी परत पाठवायचे. आता बेअरिंगं नाहीत, तर जग मोजतात."

बाळकाकांनी तिकडे दुर्लक्ष केलं आणि मूळ घटना सांगितली. पाडव्याच्या आधी त्यांची नवी कवळी तयार झाली होती. आणायला निघाले, तर एका स्वर्गवासी नेत्याच्या स्मृतिप्रीत्यर्थ रस्ता बंद. रिक्षा तासभर तिथल्या तिथे. पोचेपर्यंत दंतवैद्य दवाखाना बंद करून गावाला गेलेले. "शनिवार, रविवार आणि पाडवा. तीन दिवस माझे दात तिकडे आणि मी इकडे."

"तीन दिवस श्रीखंड खाल्लंत," उत्तराबाई म्हणाल्या. "तेव्हा नाही काही तक्रार केलीत."

"प्रश्न तत्त्वाचा आहे. त्या रस्त्यावर मी रिक्षात बसून मोजले. चाळीस पोलीस होते."

"पंचावन्न," कांताच्या तोंडून गेलं. "पंधरा जण मागच्या गल्लीत होते. ते तुम्हाला दिसले नसतील, काका." आणि मग तिने जीभ चावली, कारण काकांनी लगेच वही उघडून चाळीस खोडले होते.

काका तयारीत बसले होते. कात्रणं होती, अधोरेखित केलेली कलमं होती. हवालदारीण काय काय म्हणेल आणि आपण त्यावर काय म्हणायचं, याची त्यांनी आदल्या रात्री आरशासमोर उजळणी केली होती, हे उत्तराबाईंनी मागाहून सांगितलं. कांता मात्र सरबताचा घोट घेऊन म्हणाली, "मला तुमचं पटतं."

"काय?"

"पटतं. आम्ही उन्हात उभे राहतो, समोर रिकाम्या खुर्च्या असतात. माझ्या बरोबरच्या पोरींच्या सुट्ट्या जातात. पटतंच की."

काकांचा चेहरा पडला. कात्रणं त्यांनी हळूच गादीखाली सरकवली.

"पण सगळंच नाही पटत," कांता पुढे म्हणाली, तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला. "खरी गर्दी असते ना, तेव्हा माणसं चेंगरतात. मी बघितलंय. बॅरिकेडमध्ये एका बाईचा हात अडकलेला, तो सोडवेपर्यंत ती माझ्या खांद्यावर बेशुद्ध पडली. तिथे आम्ही पाहिजेच. खर्च कोणी का देईना."

"मग कुठे पाहिजे आणि कुठे नको, हे ठरवतं कोण?"

"अर्ज करणारा. मोठा माणूस असला की मोठा आकडा मागतो. कमी पोलीस आले तर त्याला अपमान वाटतो."

काकांनी पेनाचं टोपण लावलं. "मला हे बघायचंय."

"शनिवारी जगूभाऊंचं तिसरं पुण्यस्मरण आहे," कांता उठत म्हणाली. "रस्ता सगळ्यांचा आहे. तुम्ही येऊन उभे राहिलात तर मी काय तुम्हाला हाकलणार थोडीच."

"काय म्हणाले?" संध्याकाळी केदारसाहेबांनी विचारलं.

"विचार करतो म्हणाले," कांताने सांगितलं.

कै. जगूभाऊ सुर्वे हे माजी नगरसेवक. त्यांच्यामागे त्यांचं राजकारण पुतण्या अनिमेषकडे आलं होतं. शनिवारी सकाळी दहाच्या कार्यक्रमाला चौकात मंडप पडला, तीनशे खुर्च्या मांडल्या गेल्या, खुर्च्यांना पांढरी कापडं नेसवली गेली. जगूभाऊंचा फोटो पाच फुटी होता आणि त्याच्या शेजारी अनिमेषचा सहा फुटी. पाहुणे म्हणून कोणी मोठे नेते यायचे होते, त्यांच्या नावावर बंदोबस्त मागवलेला. आसपासच्या ठाण्यांमधून माणसं उसनी आणली होती, कळव्यातूनसुद्धा. केदारसाहेबांनी येऊन फोटोला हार घातला, घड्याळ बघितलं, आणि "मला अकराला डोंबिवलीचं पुण्यस्मरण आहे, कांताताई, इथलं तुम्ही बघा" असं म्हणून फौजदारालाही बरोबर घेऊन निघून गेले.

बाळकाका पावणेदहालाच हजर होते. हातात छत्री, खिशात वही. ऊन बघून कांताने त्यांना मंडपात पंख्याखाली बसवलं, तीच नेमकी पहिली रांग होती. अकरा वाजले. पाहुणे आले नव्हते. लोकही आले नव्हते. माइकवाला सारखा "हॅलो, चेक, चेक" करत होता, आणि काकांनी तिसऱ्यांदा मोजून आकडा पक्का केला होता.

एवढ्यात कळव्याहून आलेला शिपाई आनंदा मोबाइल हातात धरून कांताकडे आला.

"ताई, आमच्या ठाण्यातून फोन होता. कळव्याला मयत आहे, बाराला. रुडॉल्फअंकल म्हणून एक म्हातारे, गावठाणातले. घर रस्त्याच्या अलीकडे आणि चर्च पलीकडे. त्यांच्यात पेटी खांद्यावर घेऊन चालत जातात. मधल्या रस्त्यावर डंपर नुसते सुसाट असतात. मागच्या महिन्यात डेल्फिनमावशीची पेटी नेताना एका डंपरने दोन हातांवर ब्रेक मारला. म्हणून घरच्यांनी दहा मिनिटांसाठी दोन पोलीस मागितलेत."

"मग पाठवा म्हणावं ना."

"पाठवणार कुठून? आम्ही सगळे इथे आहोत."

कांताने समोर बघितलं. तिच्या बरोबरच्या दोघी मंडपाच्या खांबाला टेकून एकमेकींच्या नखांची पॉलिश बघत होत्या. बाकीच्यांनी टोप्यांनी वारा घ्यायला सुरुवात केली होती. ती अनिमेषकडे गेली. तो गॉगल कपाळावर चढवून फोनवर पाहुण्यांच्या ड्रायव्हरशी बोलत होता.

"दादा, पाच माणसं अर्धा तास सोडू का? कळव्याला एक मयत आहे. दोन्हीकडचे डंपर अडवायला दोघं पुरायचे नाहीत."

"मॅडम, काय बोलता? साहेब कधीपण येतील. आल्यावर पोलीस कमी दिसले तर कसं वाटेल? माझ्या काकांचा अपमान आहे तो."

कांताने केदारसाहेबांना फोन लावला. साहेबांनी ऐकून घेतलं, मग आवाज खाली आणून म्हणाले, "आयोजकांची हरकत नसेल तर सोडा. हरकत असेल, तर तुम्ही मला फोन केलाच नव्हता."

हे सगळं बोलणं काकांच्या खुर्चीच्या मागेच चाललं होतं. कवळी नवी असली तरी कान त्यांचे स्वतःचे होते, आणि चांगले होते.

इकडे अनिमेषची वेगळीच पंचाईत झाली होती. व्हिडिओवाला तासाच्या भाड्यावर आणलेला. तो तासभर नुसत्या रिकाम्या खुर्च्यांचं शूटिंग करत होता. कोणीतरी बोलायला हवं होतं. अनिमेषने पहिल्या रांगेकडे नजर टाकली. पांढरे केस, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, मांडीवर वही. त्याने माइक घेतला. "आपल्यात आज एक ज्येष्ठ विचारवंत उपस्थित आहेत. मी त्यांना विनंती करतो की त्यांनी जगूभाऊंच्या आठवणी सांगाव्यात."

काकांनी आधी मागे वळून बघितलं. मागे कोणी नव्हतं. मग ते उठले, छत्री खुर्चीला अडकवली आणि माइकसमोर गेले.

"मी कै. जगूभाऊंना ओळखत नव्हतो," काका म्हणाले.

अनिमेषने गॉगल डोळ्यांवर ओढला.

"त्यामुळे आठवणी नाहीत. पण मला मोजायची सवय आहे. दहापासून मी इथे मोजतोय. पोलीस एकतीस आहेत. माणसं सव्वीस. त्यातले नऊ मंडपवाले आहेत आणि तीन माइकवाले."

"मला धरलं का?" शेवटच्या रांगेतून एक म्हातारी उभी राहून ओरडली.

"धरलंय. सव्विसाव्या तुम्हीच."

"मी जगूभाऊसाठीच आले," ती म्हणाली. "आमच्या चाळीत नळ त्याने आणला. त्याच्या आधी मी तीन मजले पाणी चढवत होते. मला पोलीस नको आणि काय नको. खुर्ची दिली, बास झालं."

काकांनी आजींकडे बघून मान झुकवली. मग म्हणाले, "या आजींचं बोलणं हीच खरी श्रद्धांजली. मी याहून चांगलं बोलू शकणार नाही." आणि थांबून पुढे म्हणाले, "कळव्याला आत्ता एका माणसाची अंत्ययात्रा रस्ता ओलांडता येत नाही म्हणून घरात थांबली आहे. त्यांना थोडे पोलीस हवेत. इथे माणशी एक पोलीस पुरून वर पाच उरतात. ते पाच द्यावेत, एवढं मी जगूभाऊंच्या पुतण्यांना विनवतो. ते नाही म्हणणार नाहीत."

व्हिडिओवाल्याने कॅमेरा सावकाश अनिमेषच्या तोंडावर आणला.

अनिमेष घरचाच राजकारणी होता. त्याला फार वेळ लागला नाही. तो तरातरा पुढे आला, माइक घेतला, डोळे पुसले आणि भरल्या गळ्याने म्हणाला, "आज, जगूभाऊंच्या पुण्यस्मरणानिमित्त, त्यांच्या पवित्र स्मृतीला स्मरून, मी पाच पोलीस कळव्याला अर्पण करतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जास्त टाळ्या पोलिसांनी वाजवल्या.

कांताने आनंदाला आणि आणखी तिघांना गाडीत घातलं, स्वतः पुढे चढली, आणि बघते तर काका मागून पायरीवर पाय ठेवत होते.

"काका, तुम्ही कुठे?"

"अर्जदार म्हणून. या गाडीचं डिझेल कोणाच्या पैशाचं?"

"तुमच्याच. बसा लवकर."

खाडीपूल ओलांडून ते पोचले तेव्हा बाराला पाच कमी होते. रुडॉल्फअंकलचं घर कौलारू, बसकं, रस्त्यापासून चार पावलांवर. अंगणात माणसं मावत नव्हती. काळ्या कपड्यांतल्या बायका, कोट घामाने भिजलेले पुरुष, शेजारच्या हिंदू घरांतल्या बायका डोक्यावर पदर घेऊन, बँडवाले क्लॅरनेट पुसत उभे. रुडॉल्फअंकलच्या बायकोने, लुर्दसमावशीने, कांताला बघितलं आणि तिचा हात धरला. "आलीस, बाय?" एवढंच म्हणाली, जशी काही ती ओळखीचीच होती.

कांताने दोघांना वरच्या अंगाला ठेवलं, दोघांना खालच्या, आणि स्वतः रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पहिला डंपर आला तो हॉर्न देतच आला. तिने हात वर केला. डंपर कुरकुरत थांबला. त्याच्यामागे दुसरा, मग टेम्पो, मग गाड्यांची रांग. बँड सुरू झाला आणि पेटी रस्त्यावर आली. पुढच्या दांड्याला रुडॉल्फअंकलचा मुलगा डिनो होता. रस्त्याच्या मधोमध आल्यावर त्याने मान वळवून कांताकडे बघितलं.

"मॅडम, दोन मिनिटं पेटी इथे ठेवली तर चालेल?"

"इथे? रस्त्यात?"

"हे आमचं शेत होतं," डिनो म्हणाला. "रस्ता व्हायच्या आधी. तुम्ही उभ्या आहात ना, तिथे पप्पांची विहीर होती. ते रोज पडवीत बसून डंपरांना शिव्या द्यायचे. म्हणायचे, नेताना मला एकदा माझ्या शेतात टेकवा."

कांता पायाखालच्या डांबराकडे बघत राहिली. नियमाने पाहिलं तर रस्ता ओलांडण्यापुरताच तो थांबवता येत होता. अंत्ययात्रेला मध्येच टेकता यावं म्हणून नाही. दोन्हीकडून हॉर्न वाजायला लागले होते. तिला एकदम मामाचं अंगण आठवलं, भाताची उडवी रचलेली, आणि त्या अंगणात दहाव्याला ती नव्हती.

"ठेवा," ती म्हणाली. "घाई करू नका."

पेटी खाली टेकली. बँडवाल्याने क्लॅरनेट तोंडाला लावलं आणि लग्नात वाजवतात तसलं एक जुनं, खेळकर गाणं वाजवायला घेतलं. रडता रडता दोन-चार म्हाताऱ्या हसल्या. रुडॉल्फअंकलच्या आवडीचं असणार.

वरच्या अंगाला मात्र पहिल्या डंपरवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं होतं. काका छत्री आडवी धरून त्याच्यासमोर उभे होते.

"चाचा, कितना टाइम?"

"मयत आहे. दिसत नाही का? रस्ता लोकांचा आहे, लोकांच्या करातून बांधलाय."

"टॅक्स तो मैं भी भरता हूँ, चाचा," डंपरवाला म्हणाला. "टोल भी."

अशा बिनतोड मुद्द्यावर त्यांच्याकडे एकही कात्रण नव्हतं. नंतर शिपाई आनंदाने कांताला जसंच्या तसं सांगितलं, की काका छत्री खाली करून म्हणाले, "बरोबर आहे. तर मग तुझ्या आणि माझ्या, दोघांच्या पैशांनी आपण इथे थांबलोय. दो मिनट रुको."

डंपरवाल्याने इंजिन बंद केलं. मग खाली उतरला आणि डोक्याला बांधलेला गमछा सोडून हातात घेऊन उभा राहिला. त्याच्या मागच्यानेही हॉर्न बंद केला.

दोनाची सहा मिनिटं झाली. पेटी उचलली गेली, लोक पलीकडे गेले आणि चर्चच्या फाटकातून आत वळले. कांताने हात खाली केला. खांदा भरून आला होता.

"किती माणसं होती हो, काका?" गाडीकडे जाताना तिने विचारलं.

काकांनी खिशातली वही चाचपली. "मोजायचं राहिलं," ते म्हणाले, आणि छत्री उघडून उगाचच तिच्याआड तोंड लपवत पुढे चालू लागले.

अनिमेषचे पाहुणे त्या दिवशी आलेच नाहीत. पण सोमवारी कळव्याच्या त्याच रस्त्यावर मोठा फलक लागला. त्यावर जगूभाऊ, त्यांच्याहून मोठा अनिमेष, आणि खाली 'शोकाकुल नागरिकांच्या मदतीसाठी सदैव तत्पर'. काकांच्या अर्जाला महिन्याभराने उत्तर आलं, की सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. काकांनी हौसेने अपील केलं. उत्तराबाई सांगतात, त्या अर्जात आता आठ प्रश्न आहेत. आठव्यात त्यांनी विचारलंय, की ज्या अंत्ययात्रेला खरोखर गरज आहे आणि जिच्यामागे कोणी पुढारी नाही, तिला करदात्यांच्या खर्चाने पोलीस मिळावेत यासाठी कोणाकडे, कोणत्या नमुन्यात अर्ज करावा.

कांताने त्या शनिवारचा बंदोबस्ताचा अहवाल लिहिला. बारा वर्षं ती शेवटच्या रकान्यात 'कार्यक्रम शांततेत पार पडला' एवढंच लिहीत आली होती. या वेळी तिने खाली आणखी एक ओळ घातली. 'उपस्थित नागरिक २६. पुढील वर्षी चार पोलीस पुरे होतील.'

केदारसाहेबांनी ती ओळ वाचली. पेन उचललं, खाली ठेवलं, परत उचललं.

"चार फारच कमी दिसतात हो, कांताताई. वर काय सांगू मी?"

"खरं ते सांगा, साहेब."

साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं, दाराकडे बघितलं, मग 'चार' खोडून 'बारा' केलं आणि सही ठोकली. एकतिसाचे बारा. कांताने मनात हिशोब केला, एकोणीस जणांची एकेक सुट्टी. पहिल्या खेपेला एवढं बास होतं.

रुडॉल्फअंकलच्या महिन्याच्या प्रार्थनेला ती कळव्याला गेली, साप्ताहिक सुट्टी घेऊन, साध्या साडीत. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसली. कोणी तिला रांग लावायला सांगितलं नाही, आणि तिलाही दोनदा उठावंसं वाटलं तरी ती उठली नाही. नंतर लुर्दसमावशी तिला घरी घेऊन गेली. अंगणात अनिमेषचा फलक जमिनीवर उताणा पसरलेला होता आणि त्यावर सुकट वाळत घातली होती.

"कागद चांगला जाड आहे गं, बाय," मावशी म्हणाली. "खालून ओल येत नाही." आणि अनिमेषच्या गालावरची ओंजळभर सुकट उचलून तिने कांताच्या पिशवीत घातली.